उन्हाळी शिबिरं, अल्पवयीन मुलं आणि कोचची जबाबदारी

शिट्टी

एप्रिल लागला की चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात. कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स, वय ८ ते १६, एक महिना, टी-शर्ट मोफत. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ ठरलेली असते: "शिबिरात झालेल्या कोणत्याही दुखापतीस आयोजक व प्रशिक्षक जबाबदार राहणार नाहीत." त्याखाली पालकाची सही. ही सही घेतली की आपण सुटलो, असं बहुतेक कोच मंडळींना मनापासून वाटतं.

आपल्याकडे स्वतःला कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. कुणी पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) वर्षाचा डिप्लोमा केलेला असतो, कुणी तिथलाच सहा आठवड्यांचा कोर्स, कुणी बी.पी.एड., तर कुणी नुसता चांगला खेळलेला. अपघात झाल्यावर मात्र चौघांनाही एकच प्रश्न विचारला जातो: शहाण्या, काळजी घेणाऱ्या कोचने त्या जागी जे केलं असतं ते तुम्ही केलंत का?

ते "जे केलं असतं" म्हणजे नेमकं काय, त्यासाठी हा धागा. जाणकारांनी लिहा. अनुभवकथन नको, कामाचं लिहा.

काळा_डगला

आधी त्या बारीक अक्षरातल्या ओळीचा निकाल लावू.

भारतीय करार कायदा १८७२, कलम ११. अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्रच नाही, आणि प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली असा करार मुळातूनच रद्दबातल ठरवला. म्हणजे मुलाच्या सहीला शून्य किंमत. पालकाच्या सहीने मुलाचा नुकसानभरपाईचा हक्क संपत नाही. फौजदारी जबाबदारीला तर अशी हमीपत्रं शिवतही नाहीत, कारण तिथे फिर्यादी पक्ष राज्य असतं.

निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ ला दोनच वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून हा बदल लागू आहे, तरी अजून कित्येक जण "दोन वर्षांचं कलम आहे" असंच सांगत फिरतात. मृत्यू न होता गंभीर दुखापत झाली तर कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत.

संमतीबद्दल संहितेच्या कलम २५ मध्ये एक गंमतीचं उदाहरण जुन्या कायद्यापासून चालत आलं आहे. दोघं जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवतात. नियमाने खेळताना एकाला इजा झाली तर दुसऱ्याचा गुन्हा नाही. खेळातला स्वाभाविक धोका कायद्याला कळतो, तो असा. पण हे कवच १८ वर्षांवरच्यांच्या संमतीला आहे आणि खेळ नियमात असेल तरच. शिवाय ते खेळाडूंमधलं आहे. ढिला खांब, दुपारचं ऊन किंवा ४० किलोच्या पोरावर ७० किलोचा गडी सोडणं हा खेळाचा धोका नव्हे, ती कोचची चूक.

म्हणून मग संमतीपत्र फाडून टाकायचं का? मुळीच नाही. त्यातली ती ओळ काढा आणि जागा कामाच्या माहितीला द्या: दमा, फिट, हृदयाची तक्रार, याआधी कधी व्यायाम करताना चक्कर येऊन पडलाय का, घरात पन्नाशीच्या आत कुणाचा अचानक मृत्यू झालाय का, चालू औषधं, दोन फोन नंबर, तातडीच्या उपचाराला परवानगी. धोका काय आहे ते पालकाला सांगितलं होतं, याचा तो पुरावा. तेवढंच त्याचं काम.

मेतकूट

आमच्या वेळी गुरुजी छडी घेऊन उभे राहायचे, शंभर उठाबशा काढून घ्यायचे. कुणी कोर्टात गेलं नाही. उगाच बाऊ.

बर्फाचा_गोळा

मेतकूट, उठाबशांचंच उदाहरण घेतलंत ते बरं केलंत, कारण शिबिरातला सर्वांत कमी ओळखला जाणारा धोका तोच आहे.

परीक्षा संपवून मूल येतं. दोन महिने अंगाला व्यायाम नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून कोच सांगतो, काढ दोनशे. उठाबशीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि सवय नसलेल्या स्नायूचे तंतू याच हालचालीत सर्वाधिक फाटतात. फाटलेल्या तंतूंतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. तो त्या दिवशी दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी मांड्या टणक सुजतात, जिना उतरवत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. पालकांना वाटतं "अंग धरलंय". मग डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी दिली जाते, आणि आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडावर ती आणखी भार टाकते. गडद लघवी दिसली की गोळी नाही, मालिश नाही, थेट हॉस्पिटल. शिरेतून भरपूर सलाईन लवकर मिळालं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

नेहमीचं अंग धरणं आणि हे यांतला फरक सांगायला एक वाक्य पुरतं: साधं दुखणं हालचालीने थोडं सैल होतं, हे होत नाही.

पहिल्या चार दिवसांत बैठका आणि पायऱ्या उतरणं एकूण किती झालं याचा हिशेब ठेवा. नवख्या मुलाला १० च्या तीन फेऱ्या खूप झाल्या. आणि व्यायाम शिक्षा म्हणून कधीच नको, कारण शिक्षेत आकडा मुलाच्या कुवतीवर ठरत नाही, कोचच्या रागावर ठरतो.

काळा_डगला

त्यालाच जोडून. शाळेत शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ ने बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. खासगी शिबिराला आरटीई लागत नाही म्हणून मोकळीक आहे, असा पुढचा समज असतो. तिथे बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ येतं. मूल ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे त्याने त्याला मारहाण केली, छळलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, आणि त्यातून विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांच्या काळजी-संरक्षणाची जबाबदारी सोपवलेल्या संस्थेचा कर्मचारी किंवा चालक असेल तर पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड इथवर जातं. "मानसिक" हा शब्दही त्यात आहे. सगळ्यांसमोर जाडेपणावरून टोपणनाव पाडणारे कोच हे कलम वाचत नाहीत.

चढाईपटू

कबड्डीपुरतं बोलतो.

मैदान पुरुषांना १३ बाय १०, महिलांना १२ बाय ८ मीटर, हे पाठ असतं. बाहेरची मोकळी जागा कुणी मोजत नाही. पकड बाहेर लोटत जाते, चार गडी एकावर एक पडतात आणि तिथे पाण्याचा पिंप, मोटारसायकल नाहीतर कट्टा असतो. चारही बाजूंना तीन-चार मीटर मोकळे हवेत, म्हणजे हवेत. जागा कमी असेल तर मैदान लहान आखा, मोकळी जागा खाऊ नका.

मॅटचे तुकडे दातात दात घालून जोडलेले असतात. रोज सकाळी अनवाणी पायाने सांध्यांवरून चालून बघायचं. डोळ्याला सपाट दिसणारा सांधा चवड्याला लागतो. उन्हात मॅट फुगते, रात्री आकसते, त्यामुळे काल बसलेला दात आज उचललेला असतो. चढाई करणाऱ्याचा अंगठा त्यात अडकला की गुडघा फिरतो. घामाने ओली झालेली मॅट दर वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसायची. ओल्या फडक्याने पुसणारे महाभागही आहेत. मातीवर खेळवत असाल तर खडे वेचणं, आदल्या संध्याकाळी पाणी मारणं, सकाळी वरचा थर मोकळा करणं. पाणी सकाळीच मारलं तर चिखल होतो आणि घोटा मुरगळतो.

शिकवण्याचा क्रम हाच सुरक्षेचा निम्मा भाग. पहिला आठवडा पडायला शिकवा. हात लांब करून पडायचं नाही, मनगट आणि हासळी त्यानेच मोडते. हनुवटी छातीला, खांद्यावरून गोल. मग एकाची घोटा-पकड, तीही चालत्या चढाईवर. त्यात पकडणाऱ्याचं डोकं गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हवं. डोकं समोर राहिलं की गुडघा थेट कानशिलावर बसतो. मग साखळी, म्हणजे एकमेकांचे हात धरून केलेली पकड. डॅश, म्हणजे धडक देऊन बाहेर लोटणं, सगळ्यांत शेवटी, आणि १२ वर्षांखालच्यांना नाहीच. जोड्या वयावर नाही, वजनावर लावा. १३ वर्षांची दोन पोरं ३२ आणि ५८ किलोची असू शकतात. किशोर गटातली वजनाची अट याच कारणासाठी आहे, पण सरावात ती कुणी पाळत नाही.

पालक_पहिल्या_बाकावरचे

एक भाबडा प्रश्न. डोक्याला लागलं, मूल दोन मिनिटांत उठलं, "मी ठीक आहे" म्हणालं. मग खेळवायला हरकत काय? शुद्ध तर हरपली नव्हती.

बर्फाचा_गोळा

शुद्ध न हरपताही मेंदूला हादरा बसतो. बहुतेक वेळा तसंच होतं. मूल गोंधळलेलं, नजर हरवलेली, तोल जातोय, डोकं दुखतंय, प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतंय: यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद. "थोडा वेळ बसून मग ये" हे चालत नाही, कारण लक्षणं कित्येकदा तासाभराने वाढतात. आणि मूल खोटं बोलतं. त्याला सामना खेळायचा असतो. म्हणून "ठीक आहेस का?" विचारायचं नाही. विचारायचं: आपण कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा गुण कुणी घेतला, समोरचा संघ कोणता.

पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत कोंडणं नाही. हलकं चालणं चालतं. मग पायरीपायरीने: हलका व्यायाम, पळणं, एकट्याचा सराव. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, लक्षणं वाढली तर एक पायरी मागे. अंगाला अंग लागणारा सराव डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच. एकाहून जास्त उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी, हातापायात मुंग्या किंवा मानदुखी असेल तर लगेच हॉस्पिटल. मान दुखतेय म्हणाला तर त्याला उचलू नका, बसवू नका. डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं धरून रुग्णवाहिकेची वाट बघा.

आता उष्माघात, कारण मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात हाच पहिला शत्रू. पुस्तकात "त्वचा कोरडी पडते" असं असतं. व्यायामाने येणाऱ्या उष्माघातात ती बऱ्याचदा घामाने चिंब असते, त्यामुळे कोरड्या त्वचेची वाट बघू नका. काखेत किंवा कपाळावर घेतलेलं तापमान खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. बघायचं ते वागणं: बरळणं, विनाकारण चिडणं, दारू प्यायल्यासारखं चालणं, कोसळणं. उन्हात, व्यायामात, वागणं बिघडलं म्हणजे उष्माघात धरून चला.

नियम एकच: आधी थंड करा, मग हलवा. गाडीत घालून ४० मिनिटं हॉस्पिटलकडे नेणं ही सर्वांत महाग चूक आहे, कारण शरीर पहिल्या अर्ध्या तासात थंड झालं तर मूल वाचतं. मैदानावर टब नसतो, ताडपत्री असते. मूल ताडपत्रीच्या मध्ये, चौघांनी कडा गुडघ्याच्या वर उचलून खोळ करायची, त्यात शंभर-दीडशे लिटर पाणी आणि असेल तेवढा बर्फ, एकाने डोकं पाण्याच्या वर धरायचं, एकाने पाणी हलवत राहायचं. पाणी स्थिर राहिलं तर अंगालगतचा थर गरम होतो. बर्फ नसेल तर साध्या पाण्यानेही करा, थांबू नका. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन हे सगळं चालू असतानाच, दुसऱ्या माणसाने करायचा.

पहिले १० ते १४ दिवस अंग उन्हाला सरावतं. वेळ सकाळी सहा ते आठ, पहिल्या आठवड्यात एकच सत्र. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात टाकणं चूक. दुकानातल्या गोड टेट्रापॅकवर "ओआरएस" लिहिलेलं असायचं, ते नाव वापरायला एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा नियामकाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. बरंच झालं.

शिट्टी

साहित्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. फुटबॉलचे हलते गोलपोस्ट आणि बास्केटबॉलचे खांब. हरियाणात नोव्हेंबर २०२५ मध्ये बास्केटबॉलचे खांब कोसळून दोन किशोरवयीन खेळाडू गेले. गंज बाहेरून दिसतो त्याहून जमिनीलगत जास्त असतो, कारण पाणी तिथे साचतं. रंग लावलेला खांब असेल तर बुंध्यापाशी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रा निघाला की शिबिर त्या कोर्टवर नाही. जागेच्या मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. हलता गोलपोस्ट मागच्या आडव्या दांड्यावर वाळूच्या गोण्यांनी दाबल्याशिवाय उभाच करायचा नाही.

काळा_डगला

पोक्सोशिवाय, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याशिवाय, हा धागा अपुरा राहील.

पोक्सो कायदा २०१२, कलम १९: लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका असली तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही.

इथे संस्थांची ठरलेली चूक म्हणजे "आधी आपण अंतर्गत चौकशी करू". कायदा तुम्हाला तपास करायला सांगत नाही, कळवायला सांगतो. मुलीला तीन पदाधिकाऱ्यांसमोर बसवून तीनदा सांगायला लावलं की तिचा छळही होतो आणि पुरावाही बिघडतो. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहा, तारीख-वेळ टाका, खोदून विचारू नका, १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा पोलीस ठाणं गाठा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. कलम २३ ओळख उघड करायला मनाई करतं.

दुसरं, पोक्सो नियम २०२० मध्ये क्रीडा अकादमींचं नाव घेऊन म्हटलंय की मुलांशी संपर्क येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करावी. प्रत्येक म्हणजे मसाजवाला, व्हॅनचा ड्रायव्हर आणि "हौसेने मदत करणारा" माजी खेळाडूसुद्धा.

१८ वर्षांवरच्या महिला खेळाडूंसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे. त्यातल्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. नसतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

चढाईपटू

स्पर्शाबद्दल नवे कोच घाबरून विचारतात, म्हणून पद्धत सांगतो. आधी तोंडाने सांगा, मग दोन मुलांवर करून दाखवा. तरीही जमत नसेल तर "मी तुझा खांदा धरून दाखवू का?" असं सगळ्यांसमोर विचारा, आणि नाही म्हणाली तर दुसऱ्या मुलीकडून करवून घ्या. बंद खोलीत एकट्याने स्ट्रेचिंग नाही. निरोप मुलीच्या नंबरवर नाही, पालकांच्या ग्रुपवर. बाहेरगावी स्पर्धेला मुली असतील तर सोबत महिला हवीच, आणि तिची निवासाची खोली त्याच मजल्यावर. कपडे बदलायच्या जागेत फोन बंद, कोचचासुद्धा.

पालक_पहिल्या_बाकावरचे

वजनगटासाठी "पाणी काढायची गोळी" देतात असं ऐकलंय. हे खरंच बेकायदेशीर आहे का, की नुसतं अनैतिक?

बर्फाचा_गोळा

ती गोळी बहुधा फ्युरोसेमाइड. मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधं वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. ती पाण्यासोबत पोटॅशियमही काढते, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचा ठोका बिघडतो. त्यावर प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पळवलं की दोन्ही धोके एकत्र. मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनवरही स्पर्धेत बंदी आहे. रक्तदाब वाढवायचं भूलतज्ज्ञांचं औषध आहे ते, ताकदीचं टॉनिक नव्हे.

काळा_डगला

आणि कोच फक्त बघ्या नसतो. राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा २०२२ आला आहे. नियमांत कोच "खेळाडूचा सहायक" म्हणून स्वतंत्रपणे येतो. त्याने औषध दिलं, पुरवलं, लपवायला मदत केली तर त्याच्यावर वेगळी कारवाई. खेळाडूला औषध देण्याला किमान चार वर्षं ते आजन्म बंदी. अल्पवयीन खेळाडू असेल तर तो विशेष गंभीर गुन्हा, आणि स्टेरॉइडसारख्या पदार्थांत थेट आजन्म. बंदी असलेल्या कोचकडे खेळाडूने सराव करणं हेही खेळाडूच्या अंगाशी येतं, म्हणून पालकांनी नाव तपासून घ्यावं.

मेतकूट

बरं, माझा "बाऊ" शब्द मागे. पण एवढं सगळं तालुक्याच्या कोचने करायचं तर विमा तरी कुठला काढायचा?

काळा_डगला

दोन वेगळे असतात आणि गल्लत इथेच होते. गट वैयक्तिक अपघात विमा मुलाला पैसे देतो, चूक कुणाची का असेना. दायित्व विमा कोचवर बसलेली भरपाई भरतो. लोक पहिला काढतात आणि दुसरा काढल्यासारखे निर्धास्त राहतात. पॉलिसीत "स्पर्धात्मक खेळ वगळून" असं कलम आहे का ते वाचा, आणि खेळाचं नाव लेखी घालून घ्या. दंड किंवा तुरुंगवास कुठलाच विमा भरत नाही.

फी घेतली की ग्राहक संरक्षण कायद्याचाही संबंध येतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत. शाळा-कॉलेजांतल्या खेळ-पोहण्याला राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये या कायद्याबाहेर ठेवलं, पण त्याच निकालात कोचिंग संस्थांना सूट दिली नाही. खासगी अकादमीने त्या निकालाच्या आडोशाला उभं राहू नये.

शिट्टी

आणि हे सगळे कागद किती वर्षं सांभाळायचे?

काळा_डगला

अल्पवयीनाला दाव्याची मुदत १८ पूर्ण झाल्यावर मोजायला लागते आणि पुढे जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, मुदत कायद्याची कलमं ६ आणि ८. म्हणजे मूल २१ चं होईपर्यंत. आठ वर्षांच्या मुलाचा फॉर्म तेरा वर्षं. हजेरी, त्या दिवसाचा सराव, अपघाताची नोंद, पालकाला किती वाजता फोन केला, तेवढं पुरे. नोंद त्याच दिवशी, शाईने, पान न फाडता. चुकलं तर एक आडवी रेघ आणि सही. व्हाइटनर लावलेलं रजिस्टर उलटतपासणीत तुमच्याच विरुद्ध बोलतं.

चढाईपटू

एक राहिलं. रुग्णवाहिका आत येणारं फाटक कुठलं आणि त्याच्या कुलपाची किल्ली सकाळी सहाला कुणाकडे असते, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या. नगरपालिकेच्या मैदानांवर ती वॉचमनकडे असते आणि वॉचमन आठला येतो. दुसरी किल्ली करून फर्स्ट-एडच्या पेटीलाच बांधून ठेवा.